होडीचा पांढरा पट्टा

माझा स्वभाव तापट आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे सांगणार आहे त्यातला निम्मा घोळ या तापटपणाने केला आणि उरलेला निम्मा जवसाच्या तेलाने.

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, तेव्हाची ही हकीकत. माझे यजमान तिथे नकाशे काढायच्या कामावर लागले आणि लग्नानंतर दोन महिन्यांनी मी बिऱ्हाड मांडायला गेले. मी मूळची साताऱ्याकडची. मुंबईला मामाकडे राहून चित्रकला शिकत होते. शेवटच्या वर्षाची परीक्षा द्यायची राहिली, लग्न मात्र राहिलं नाही. सामानात दोन ट्रंका, एक वळकटी आणि माझी रंगांची लाकडी पेटी होती. गाडी वैतरणेच्या खाडीवरून जात होती तेव्हा ओहोटी लागलेली होती आणि दोन्ही बाजूंना ओला चिखल चमकत होता. मी मनातल्या मनात रंग कालवत बसले: मातकट तपकिरी रॉ अंबर, त्यात भरपूर पांढरा, आणि अल्ट्रामरीन निळ्याचा अगदी सुईच्या टोकाएवढा ठिपका. यजमान म्हणाले, इकडे सगळं असं ओसाडच आहे, तुला कंटाळा येईल. मला त्यांचा रागच आला. एवढा सुंदर करडा रंग समोर असताना ओसाड म्हणतो हा माणूस, आणि याच्याबरोबर जन्म काढायचा. पुढे जन्म चांगलाच निघाला, पण त्या दिवशी बोईसर येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही.

कॉलनीतली घरं अजून बांधून व्हायची होती, म्हणून आम्ही तारापूर गावाच्या टोकाला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. रंगांची पेटी कॉटखाली गेली आणि तिथेच राहिली. सुरुवातीला वाटायचं, जरा घर लागू दे, मग काढू. मग वाटायला लागलं, काढायचं तरी कोणासाठी. कॉलेजात निदान मास्तर तरी नाक मुरडायला असायचे.

जवळच्याच किनाऱ्यावरच्या नवापूरहून एक कोळीण मासे घेऊन यायची. पन्नाशीच्या पुढची, काळीसावळी, चालणं इतकं सरळ की डोक्यावरची पाटी कधी हलताना दिसली नाही. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला बाय. आम्ही घाटावरची माणसं, मला माशातलं काही कळत नव्हतं. एकदा तिने मला पापलेट दिलं आणि मी ते पितळेच्या ताटलीत ठेवून बघतच राहिले. चांदीसारखं दिसतं म्हणावं तर त्यात चांदी कुठेच नव्हती. निळा होता, गुलाबी होता, शेपटीकडे थोडा पिवळा, आणि सगळ्याच्या खाली पांढरा. लग्नानंतर पहिल्यांदा मी पेटी ओढून काढली. दुपारपर्यंत चित्र झालं आणि मासा वाया गेला. दुसऱ्या दिवशी मावशीने ते पाहिलं आणि माझी चांगलीच खरडपट्टी काढली. मासे खायचे असतात की बघायचे, असं तिने विचारलं. पण मग पाटी खाली ठेवून ती चित्राजवळ गेली, वाकली आणि म्हणाली की डोळा ताज्या माशाचा आहे, तेवढं बरोबर जमलंय. मला वर्षभरात मिळालेली ती एकमेव पावती होती. मी ती अजून विसरलेले नाही.

श्रावण लागला त्या सुमारास एक दिवस मावशी पाटी न घेताच आली आणि पायरीवर बसली. तिचा नवरा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या होता. स्वतःच्या होडीवर तीस-पस्तीस वर्षं त्याने काढली होती. त्या वैशाखात पावसाळ्यासाठी होडी वर ओढून घेताना त्याला झटका आला आणि उजवं अंग गेलं. बोलणं थोडं जड झालं, पण बोलता येत होतं. पोटी दोन मुली, दोघी लग्न होऊन सातपाटीला आणि डहाणूकडे गेलेल्या. होडी चालवणारं घरात कोणी उरलं नव्हतं. म्हणून ती उत्तरेकडच्या एका गावातल्या माणसाला विकली होती, आणि नारळी पौर्णिमा झाली की तो ती घेऊन जाणार होता. नेल्यावर तो पहिलं काम करणार ते म्हणजे तिला आपला रंग देणार. तशी रीतच होती. मागच्या मालकाचा रंग ठेवला तर होडी समुद्रातून त्याच्याच घराकडे वळते, असं ती माणसं मानत.

मग मावशी ज्या कामासाठी आली होती ते बोलली.

"यो रोज सकाली होडीसमोर जाऊन बसतो. जेवनबी तिथंच नेऊन देते मी. होडी गेली, मंग यो बगनार काय? मला त्याचा भरवसा वाटत नाय, बाय. तू मासली काडलीस तशी मला होडी काडून दे."

मी लगेच हो म्हटलं. हो म्हणताना माझ्या मनात तांडेल नव्हता, हे कबूल करते. कोणीतरी मला चित्र मागत होतं, एवढंच माझ्या मनात होतं. ती गेल्यावर पेटी उघडली आणि तोंडचं पाणी पळालं. निम्म्या ट्यूबांची टोपणं घट्ट बसली होती, शेंदरी लाल आतल्या आत सुकला होता, आणि पांढऱ्याची ट्यूब वेलांटीसारखी वळून चपटी झालेली. पांढरा नेहमी आधी संपतो, कारण तो सगळ्यांत मिसळावा लागतो. कॅनव्हास तर नव्हताच. नारळी पौर्णिमेला पंधरा दिवस होते.

कॅनव्हासचा प्रश्न मावशीने सोडवला. तिने जुन्या शिडाचा एक तुकडा आणून दिला, जाड, धुवून धुवून मऊ झालेला, एका कडेला दोर ओवायची भोकं असलेला. सुताराकडून चौकट करून घेतली, त्यावर शीड ताणून खिळवलं, आणि सरस गरम पाण्यात विरघळवून त्याचा लेप दिला. पांढऱ्यासाठी मी पालघरला गेले. तिथल्या लोखंडी सामानाच्या दुकानात खिडक्या-दारांना लावायचा सफेदा मिळायचा, कोरडी पूड, कागदाच्या पुडीत बांधून. दुकानदाराने विचारलं, किती दारं रंगवायचीत? मी म्हटलं, एक होडी. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुडी मोठी बांधली.

मी नवापूरच्या किनाऱ्यावर पोचले त्या दिवशीच होडी उघडली होती. पावसाळ्यात तिथे होड्या वाळूवर वर ओढून घेतात आणि घर शाकारावं तशा माडाच्या झावळ्यांनी वरून खालपर्यंत शाकारून टाकतात. आत उजेड जात नाही. श्रावणात पावसाने उघडीप दिली की झावळ्या काढतात, चार दिवस ऊन खाऊ देतात आणि मग रंगकाम. ही होडी काळपट तपकिरी होती, तेल पिऊन पिऊन झालेली. वरच्या फळीला पुढच्या टोकापासून मागपर्यंत एक पांढरा पट्टा होता, चार बोटं रुंद. पांढरा म्हणायचा एवढंच. तो चक्क पिवळट दिसत होता, जुन्या वर्तमानपत्रासारखा.

समोर रानभेंडीच्या मोठ्या झाडाखाली खाटेवर तांडेल बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. मी नमस्कार केला. त्याने डाव्या हाताने मला बाजूला व्हायची खूण केली, कारण मी त्याच्या आणि होडीच्या मधे उभी होते.

मी बाजूला बसून काम सुरू केलं. कॉलेजात शिकवलं होतं की जे दिसतं ते काढा, जे ठाऊक आहे ते काढू नका. म्हणून पट्ट्यासाठी मी पांढऱ्यात मातकट पिवळा यलो ऑकर घातला. पहिल्याच दिवशी पट्टा काढून झाला आणि मी खुशीत तो तांडेलला दाखवला. त्याने बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. नाही. मी होडीकडे बोट दाखवलं, पट्टा पिवळाच आहे म्हणून सांगितलं. त्याने पुन्हा मान हलवली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आजारी माणसावर रागावता येत नाही म्हणून मी ब्रश आपटून धुतले.

दोन-तीन दिवसांनी माझ्याकडचं तेल संपलं. ट्यूबमधल्या रंगाला चालतं ते कच्चं जवसाचं तेल, निथळ, फिकट. ते मुंबईशिवाय मिळायचं नाही. मावशी घरातून एक पत्र्याचा डबा घेऊन आली. होडीला लावायचं तेल, जवसाचंच, पण उकळलेलं, मधासारखं दाट. आमचे मास्तर या तेलाच्या नावाने खडे फोडायचे. ते लवकर सुकतं हे खरं, पण पुढे पिवळं पडतं, चित्राची वाट लावतं, ते सुतारांना द्या आणि तुम्ही त्याला शिवू नका, असं त्यांनी आम्हाला दहा वेळा बजावलं होतं. मला हे पक्कं ठाऊक होतं. पण श्रावणातली दमट हवा, रंग सुकायचं नाव घेत नव्हता, आणि पौर्णिमा जवळ आली होती. मी डबा घेतला. कोणाला कळणार आहे, असं मी मनात म्हटलं. हे वाक्य मला नंतर वर्षभर पुरलं.

पाटा-वरवंटा मावशीने जुना, टाकून दिलेला काढून दिला. मी सफेद्याची पूड पाट्यावर घेतली, तेल ओतलं आणि वाटायला लागले. तांडेल खाटेवरून बघत होता. थोड्या वेळाने तो काहीतरी म्हणाला ते मला कळलं नाही. मावशी हसली. म्हणाली, तो म्हणतो तू चटणी वाटतेस. मग तिने त्याला धरून खाली बसवलं, पाटा त्याच्यासमोर सरकवला. त्याने डाव्या हाताने वरवंटा धरला. तेल अगदी थोडं ठेवायचं, जवळजवळ कोरडंच वाटायचं, आणि वरवंटा पुढे-मागे न नेता गोल फिरवायचा. तो अर्धा तास वाटत होता. कपाळावरून घाम ओघळत होता. मग त्याने रंगाचा थेंब दोन नखांमधे चिरडला, खरखरीत कण लागत नाही हे मला दाखवलं, आणि तुटक तुटक सांगितलं की पहिल्या हाताला तेल कमी, वरच्या हाताला जास्त, उलटं केलं तर वरचा फुटतो. कॉलेजात हेच शिकायला मला एक सहामाही लागली होती. मावशी मात्र ऐकत नव्हती, ती त्याच्या हाताकडे बघत होती. आजारी पडल्यापासून त्याने पहिल्यांदा काम केलं होतं, असं तिने मला नंतर सांगितलं.

आणि मग एक चमत्कारिक गोष्ट झाली. आठव्या-नवव्या दिवशी मी होडीकडे पाहिलं तर पट्टा पांढरा दिसत होता. मला वाटलं कोणी रंग दिला. पण रंग दिलेला नव्हता, जुन्या भेगा तशाच होत्या. ढगांमुळे आपलाच डोळा चुकला असेल, पहिल्या दिवशी आपण नीट पाहिलं नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. स्वतःच्या डोळ्यावरचा विश्वास जरा कमी झाला, दुसरं काय. मी ऑकरचा पट्टा खरवडून काढला आणि तांडेलने वाटलेला पांढरा दिला. त्याला दाखवलं. या वेळी मान हलली नाही.

नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावर सगळ्या होड्या नटल्या होत्या. या होडीलाही मावशीने हार घातला, नारळ वाहिला. दुसऱ्या दिवशी भरतीला नवा मालक चार माणसं घेऊन आला आणि होडी पाण्यात गेली. तांडेल ती दिसेनाशी होईपर्यंत बसून होता. मग आम्ही त्याला घरात आणलं. समोरच्या भिंतीवर खिळा ठोकून मी चित्र लावलं. त्याने पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मावशीने मला दारापर्यंत सोडलं, हात हातात घेतला, पण मला तिचं नको होतं, त्याचं हवं होतं. चांगलं झालंय, एवढं तरी त्याने म्हणायला हवं होतं असं मला वाटलं. आता हे लिहिताना लाज वाटते. ज्याची होडी दोन तासांपूर्वी गेली, त्याच्याकडून मी शाबासकीची वाट बघत होते.

त्या हिवाळ्यात मी दोन-तीनदा जाऊन आले. चित्र भिंतीवर असायचं आणि तांडेलची खाट त्याच्यासमोर. मावशी म्हणायची की जेवतो, झोपतो, बरा आहे. तेवढ्यावर मी समाधान मानलं. मला तेव्हा दिवस गेलेले होते; वैशाखात मी बाळंतपणाला माहेरी गेले आणि मुलगी दोन महिन्यांची झाल्यावर श्रावणाच्या तोंडी परत आले. आल्या आल्या तिला घेऊन नवापूरला गेले. तांडेल खाटेवर होता, खाट तिथेच होती. भिंतीवर नुसता खिळा होता.

मी काही विचारलं नाही. त्यांनीही काही सांगितलं नाही, मुलीचंच कौतुक चाललं होतं. मी चहा घेतला आणि घरी आले. मग मात्र डोक्यात राख घालून घेतली. नको होतं तर मागितलं कशाला? त्याला आवडलंच नव्हतं, तेव्हाच डोळे मिटले होते. चूल पेटवायला घेतलं असेल, तेल भरपूर होतं त्यात. यजमानांनी सुचवून पाहिलं की विचारून तरी घे, तर त्यांनाही माझा प्रसाद मिळाला. पुढचे चार दिवस मी मावशीकडून मासे घेतले नाहीत. दार लोटून आत बसायचे. पाचव्या दिवशी तिने दार ढकललं आणि सरळ आत आली.

"रागावलीस ना? काय झालं ते तोंडानं बोल."

मी म्हटलं, खिळा रिकामा का? ती म्हणाली की पावसाळा होता ना.

मला अर्थबोध झाला नाही. ती मला मुलीसकट तशीच नवापूरला घेऊन गेली. घरात शिडी लावून माळ्यावर चढली आणि एक गाठोडं खाली दिलं. झावळ्यांचं. बारीक विणलेल्या झावळ्या, आत गोणपाट, वरून काथ्याने चारी बाजूंनी आवळलेलं. ज्येष्ठात गावातल्या होड्या वर ओढल्या त्याच दिवशी तांडेलने चित्र भिंतीवरून काढायला लावलं होतं आणि स्वतः समोर बसून मावशीकडून ते शाकारून घेतलं होतं. एका हाताने त्याने काथ्याच्या गाठी ओढून पाहिल्या होत्या. पावसात होडी उघडी ठेवत नाहीत, यात सांगण्यासारखं काय आहे, असा मावशीचा चेहरा होता.

मी तिथेच जमिनीवर बसले. चार दिवस मनात जे जे बोलले होते ते सगळं आठवलं आणि कानशिलं तापली. मावशी गाठी सोडत होती. झावळ्या निघाल्या, गोणपाट निघालं, आणि चित्र उजेडात आलं.

पट्टा पिवळा पडला होता. पट्टाच काय, आकाश, फेस, वाळूवरचा उजेड, जिथे जिथे पांढरा होता तिथे तिथे पिवळा उतरला होता. अंधारात दोन-अडीच महिने राहून उकळलेल्या तेलाने आपला गुण दाखवला होता. मास्तरांनी दहा वेळा सांगितलं होतं. एका माणसाने उरलेल्या आयुष्यात बघायचं म्हणून जे मागितलं, त्यात मी फसवणूक केली होती. मला रडू आलं. मी तांडेलसमोर सगळं कबूल केलं. तेल चुकीचं आहे हे मला ठाऊक होतं, घाई होती म्हणून वापरलं, आता हा पट्टा असाच राहणार, फार तर वरून नवा पांढरा देऊन बघते, असं बोलत गेले.

तांडेल हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. अर्धाच चेहरा हसत होता, पण हसत होता.

"होडी दरसाल पिवली पडते," तो सावकाश म्हणाला. "तेल तेच हाय ना. अंधारात पिवला, उनात पांढरा. तिला ऊन दाकव."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आदल्या वर्षी माझा डोळा चुकला नव्हता. पहिल्या दिवशी पट्टा खरंच पिवळा होता, झावळ्यांखालून नुकता निघालेला, आणि आठ दिवसांच्या उन्हाने तो खरंच पांढरा झाला होता. मी ऑकर घातला तेव्हा तांडेल मान हलवत होता ती म्हणूनच. त्याला पट्टा दिसत होता तो आठ दिवसांनंतरचा. तेल पिवळं पडतं, एवढं मास्तरांना ठाऊक होतं. ऊन दिलं की ते परत फिरतं, हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.

किनाऱ्यावर बोंबील वाळवायच्या बांबूच्या चौकटी असतात. श्रावणात त्या रिकाम्याच होत्या. त्यातल्या एकीवर मावशीने चित्र बांधलं, उन्हाकडे तोंड करून. खाट बाहेर आली. पावसाची सर आली की मावशी धावत जाऊन गोणपाट टाकायची, ऊन पडलं की काढायची. मी रोज मुलीला कुशीत घेऊन बघायला जायचे. तिसऱ्या दिवशी फरक आहे की नाही यावर माझं आणि मावशीचं भांडण झालं. सातव्या दिवशी भांडायला जागा राहिली नाही. आकाश परत आलं, फेस परत आला, आणि पट्टा तांडेलने रंग वाटला त्या दिवशी होता तसा पांढरा झाला. नारळी पौर्णिमेला मावशीने चित्राला हार घातला.

तांडेलने मला जवळ बोलावलं. पेटी कुठे आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, मुलगी झाल्यापासून उघडलेली नाही. त्याला हे कारण पटलं नाही.

"होडीला दरसाल एक हात लागतो," तो म्हणाला. "रंग घेऊन ये."

त्यानंतर आम्ही तिथे होतो तोवर, दर श्रावणात, मी पेटी घेऊन नवापूरला गेले. आधी आठ दिवस ऊन, मग पट्ट्याला एक हात. पूड पालघरची, तेल डब्यातलं, वाटायचं काम तांडेलचं. त्या निमित्ताने पेटी उघडली की ती लगेच बंद होत नसे. खाडी, बोंबलांच्या चौकटी, मावशीची पाटी, माझी मुलगी, अशी बरीच चित्रं त्या वर्षांत झाली. पट्ट्यावर हातावर हात चढून तो जाडसर झाला होता, बोट फिरवलं तर कळायचं.

केंद्राचं काम संपत आलं आणि यजमानांची बदली ठरली, त्याच वर्षी आषाढात तांडेल गेला. चित्र तेव्हा माळ्यावर शाकारलेलं होतं. मी भेटायला गेले तेव्हा मावशी रडली नाही, मी रडले. खाट उभी करून भिंतीला टेकवलेली होती. निरोप घ्यायला श्रावणात पुन्हा गेले, तर तिने झावळ्यांचं गाठोडं माझ्यापुढे ठेवलं. मी नको म्हटलं. त्याची आठवण आहे, तुमच्याकडेच राहू दे म्हटलं.

"आठवन मला हाय," ती म्हणाली. "पन हात देनार कोन? पडून राहिली की होडी कुजते. तू ने. आनि तुझा रंग दे तिला. नायतर ती इकडंच वलेल."

मी ते गाठोडं मांडीवर घेऊन गाडीत बसले. वैतरणेच्या खाडीवर या वेळी भरती होती. यजमानांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि काही बोलले नाहीत. बरंच केलं.

नव्या गावी घर लागल्यावर आठ दिवस गच्चीवर ऊन दाखवलं. मग पेटी उघडली, पाटा घेतला, आणि माझा रंग कोणता याचा एक सकाळभर विचार केला. पेटीत लाल होता, हिरवा होता, ज्याच्यासाठी पूर्वी जीव टाकायचे तो निळा होता. मावशीने सांगितलेली रीत मला चांगली ठाऊक होती. मी सफेद्याची पुडी सोडली, तेल अगदी थोडं घातलं, वरवंटा गोल फिरवत अर्धा तास वाटला आणि पट्ट्याला पांढराच हात दिला. तिकडे वळायची असेल तर वळू दे तिला, नवापूरकडे.